नखाला लागणारी रेघ

लोकांच्या मुली जपानहून पंखे पाठवतात, बाहुल्या पाठवतात, आमची दगड पाठवते. हे वाक्य माझं नाही, माझ्या बायकोचं आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ते चहा पुढे ठेवता ठेवता ऐकवते. पाहुणा हसतो, मग बाल्कनीकडे बघतो, आणि कुंड्यांच्या मागे फळीवर ओळीने मांडलेले दगड दिसले की त्याचं हसू जरा अवघडतं. त्याला वाटतं, म्हातारा कामातून गेला. वाटू दे. मी काय त्याच्या दारात जाऊन बसलोय?

धार लावायचे दगड आहेत ते. कारखान्यात बनवलेले नव्हेत, डोंगरातून काढलेले. कधीकाळी समुद्राच्या तळाशी गाळ बसला, थरावर थर चढले, त्याचा दगड झाला, आणि तिकडच्या लोकांनी तो खणून त्यावर तलवारी, रंधे, वस्तरे पाजळले. आता त्या खाणी बहुतेक बंद आहेत. बाहेर आलेले दगड आहेत तेवढेच. हाताला तो ओल्या साबणाच्या वडीसारखा लागतो, इतका बारीक कणांचा. बाजारातल्या खरखरीत निसण्यावर जन्मभर सुरी घासलेल्या माणसाला हा दगड म्हणजे चेष्टाच वाटेल. पण आमच्या गेटाशी मासे घेऊन बसणारी बाई एकदा तिचा कोयता माझ्याकडून घासून घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी खालूनच ओरडली, "भाऊ, पान्यातून फिरवल्यागत जातंय हो!" त्या दिवशी बायकोने दगडांबद्दल काही बोलायचं टाळलं.

मला दगडांतलं कळतं ते धंद्यामुळे. सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात मी उभं आयुष्य काढलं. छापखान्यात कागद कापायची लांबच लांब पाती असतात, त्यांना धार लावून द्यायचं काम. पुढे पुढे मशीनवर मी नसायचोच. तयार पातं माझ्यासमोर यायचं, मी ते डोळ्याने, बोटाने, नखाने बघायचो आणि पास करायचो किंवा रिजेक्ट. त्यात मालकसुद्धा मध्ये बोलायचा नाही. खोटा माल पास करणं आणि चांगला माल रिजेक्ट करणं, दोन्ही माझ्या लेखी सारखंच पाप. असा आपला तोरा. तोंडही तसंच. कारखान्यातली पोरं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी एकुलती एक. इंजिनीअर झाली, जपानी शिकली आणि तिकडे मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. एका लहानशा शहरात एकटी राहते. जाताना तिच्या आईने तिला मसाले दिले, कुळथाचं पीठ दिलं, सोलं दिली. मी काही दिलं नाही. विमानतळावर काय बोलावं ते सुचेना, तेव्हा मी म्हणालो, "तिकडे धारेचे दगड चांगले मिळतात म्हणे." बस, एवढंच. पहिल्यांदा सुट्टीवर आली ती बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून दगड घेऊन आली.

तो पहिला दगड मी धड न बघताच वापरायला घेतला. वडिलांचा दाढीचा वस्तरा आहे माझ्याकडे, तो त्यावर फिरवला. एकदा किर्र झालं. मी म्हटलं, असेल कचरा. दुसऱ्यांदा झालं. बघतो तर वस्तऱ्याच्या धारेला खाच. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पात्यांतल्या खोटी काढल्या, त्याने बापाच्या वस्तऱ्याला आपल्या हाताने खाच पाडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मुलगी समोरच उभी होती. पोट धरधरून हसली. तेव्हा ती तशी हसायची.

मग आम्ही दोघं बसलो त्या दगडाचा अभ्यास करायला. दगडात रेघा असतात. काही नुसत्या रंगाच्या असतात, पिवळट, तांबूस, गाळ बसताना लोखंडाचा अंश आला असेल त्याच्या. त्या दिसतात फार आणि करत काहीच नाहीत. काही रेघा मात्र कठीण असतात, आतला कण दगडाहून टणक, आणि तो धारेला खातो. दोन्ही दिसायला सारख्या. ओळखायचं कसं? नखाने. रेघेला आडवं नख फिरवायचं, हलक्या हाताने. नख सरळ निघून गेलं तर रेघ निरुपद्रवी. अडखळलं तर घातकी. दगडात काळे ठिपके असतात, ढग आल्यासारखे, त्यांना तिकडे कावळे म्हणतात. ते असले तर उलट चांगलं समजतात. हे ऐकल्यावर बायको म्हणाली, "ठेवा जपून. पितरांच्या पंधरवड्यात इथे कावळा मिळत नाही." आणि सगळ्यात वाईट भेग. दगड ओला करून वाळताना बघायचा. बाकी सगळा फिका पडला तरी भेगेत पाणी राहतं, तिथे काळपट रेघ उशिरापर्यंत दिसते. शेवटी टिचकी. मडकं घेताना वाजवतो तसं. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत तडा गेलेला.

मी तिला म्हटलं होतं, "रेघ दिसली म्हणून घाबरायचं नाही आणि दिसत नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही." फार शहाणा होतो मी.

नख फिरवायला तिचंच उपयोगी पडायचं. माझी नखं कामाने जाड झालेली. तिची लांब, निगुतीने राखलेली. कॉलेजात असताना त्यांवरून आईची आणि तिची रोज भांडणं. "कणीक मळताना सगळं पीठ नखात जातं, शी!" हे आईचं, आणि "मग मी मळतच नाही" हे तिचं. लाल रंगाच्या नेलपॉलिशची एक बाटली ती घरी विसरून गेली होती. हे दगड थरांचे असल्याने कडेने पाणी शिरून फुटतात, म्हणून कडांना काहीतरी लावून ठेवतात. मी त्या बाटलीतलं लाल लावलं. आमच्या बाल्कनीतल्या कितीतरी दगडांच्या कडा अजून लाल आहेत.

ती परत गेल्यावर रविवार ठरून गेला. तिच्या शहरात अशा दगडांचं एक जुनं दुकान आहे, म्हातारा एकटाच चालवतो. तिने तिथे जायचं आणि तिथून मला व्हिडिओ लावायचा. ती दगड दाखवणार आणि मी इथून हुकूम सोडणार. "जवळ घे. एवढं जवळ नको, तुझा अंगठाच दिसतोय. पाणी टाक. आता वाळू दे. अगं हलवू नकोस." उंटावरून शेळ्या हाकणं ज्याला म्हणतात ते मी दर रविवारी सकाळी चहा पिता पिता करायचो. आमची इमारत उमेळ्याच्या बाजूला. बाल्कनीतून पूर्वी चिकूची वाडी दिसायची, आता तिथे नवी इमारत चढतेय आणि लादी कापायच्या मशीनचा आवाज सुट्टीच्या दिवशीही थांबत नाही. टिचकी ऐकायची वेळ आली की मी फोन घेऊन बाथरूममध्ये जायचो, दार लावून घ्यायचो आणि बादलीशेजारी उभा राहून कान लावायचो. "परत मार. आता मधोमध." बायको बाहेरून दार वाजवायची, "बापलेकीचं झालं असेल तर मला आंघोळ करायचीय!" पलीकडे मुलगी हसायची, आणि तिचं हसणं त्या म्हाताऱ्याला पोचलं की तोही काहीतरी बोलून हसायचा.

सगळेच दगड काही घ्यायचे नसत. दहा बघावेत तेव्हा एखादा पास. घेतलेला कुणी येणाऱ्याबरोबर पाठवायची किंवा स्वतः आणायची. त्यातला एक फार देखणा होता, पिकल्या पेरूच्या सालीच्या रंगाचा. त्याच्या कुशीला एक बारीक रेघ तिला दिसली नव्हती, मला फोनवर दिसली. तिने नख फिरवलं, लागलं नाही. टिचकी खणखणीत होती. मी म्हटलं, वरवरची आहे, पास.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर हत्यारं मांडतात. करवत, पकड, पाने, विळी, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या वर्षी बायकोच्या मनात आलं की दगडालाही मान द्यावा. धार तोच देतो ना. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिचा भाव चांगला होता. तिने पेरूच्या रंगाचा दगड उचलला, कारण तो सगळ्यात सुंदर, आणि देवाला घालतो तशी त्याला आंघोळ घातली. बाजारातून फुलं यायला उशीर झाला तर फुलं येईपर्यंत त्याला तांब्याच्या घंगाळात पाण्यात बुडवून ठेवला. आमच्याकडे निसणे पाण्यातच ठेवतात, तिला वाटलं हाही त्यातलाच. मी तेव्हा घरात नव्हतो, फुलांसाठीच तर गेलो होतो. आल्यावर तिने तो बाहेर काढला, पुसला आणि पाट लागेपर्यंत बाल्कनीत उन्हात ठेवला. ऑक्टोबरचं ऊन. आरती चालू असताना बाल्कनीतून टक् असा आवाज आला. दगड थराथराने उघडला होता. वरचा पापुद्रा वेगळा, खालचा वेगळा. बरोबर त्या रेघेवर. वरवरची म्हणून मी पास केलेली रेघ आरपार गेलेली होती.

मी दोन दिवस धुसफुसलो. रविवारी मुलीला फोनवर तोंडभरून सांगितलं, "तुझ्या आईने दगडाला मोक्ष दिला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी! स्नान घालून!" मला वाटलं ती खो खो हसेल. पलीकडून तुटक तुटक आवाज आला. आधी वाटलं लाईन खराब आहे. मग कळलं की ती रडतेय, आणि थांबतच नाहीये.

"अगं बाई, दगड फुटला, मी नाही," मी म्हणालो.

"मी बघून घेतला होता बाबा. मला ती रेघ दिसलीच नाही."

"मला दिसली होती. पास मी केला, तू नाही."

"माझ्याकडून काहीच नीट होत नाही," ती म्हणाली, आणि तेच परत परत म्हणत राहिली.

बायकोने फोन घेतला, समजूत काढली. सणासुदीचे दिवस, पोर एकटी, घरची आठवण आली असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. फोन ठेवल्यावर बायको माझ्यावर घसरली. "आठवडाभर राब राब राबते ती. एक सुट्टीचा दिवस मिळतो, तो तुमच्या दगडांपायी उन्हातान्हात फिरण्यात घालवते. जरा म्हणून दयामाया नाही. झोपू द्या तिला, काही करून खाऊ द्या." मला ते पटलं. मनापासून पटलं. पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं, "दगड पुरे झाले आता. ठेवायला जागा नाही. तू सुट्टीच्या दिवशी आराम कर. कुठे जायचं यायचं कारण नाही."

"बरं," ती म्हणाली.

दगडाला टिचकी मारून ऐकणारा मी, ते 'बरं' नुसतं कानाआड केलं. उलट मला बरंच वाटलं, आपण लेकीवरचं ओझं उतरवलं म्हणून.

त्यानंतरचे रविवार वेगळेच झाले. फोन यायचा, पण व्हिडिओ नाही. कॅमेरा बिघडलाय म्हणायची. दुपार असायची तिच्याकडे, आणि आवाज असा जसा काही आत्ताच झोपेतून उठवलाय. "जेवलीस का?" "हो." "काय जेवलीस?" "भात." आईशी पूर्वी तासभर बोलायची, आता हो-नाही-बघू. एका रविवारी फोन आलाच नाही. आम्ही केला, वाजून वाजून बंद झाला. बायकोने घावणे केले होते, ते तव्याशेजारी तसेच थंड झाले. मी बाल्कनीत जाऊन उगाच एक दगड ओला केला आणि वाळताना बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, झोप लागली होती म्हणून. एवढी झोप कुणाला लागते?

मग एका रविवारी फोन आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, एक दगड मागा ना."

"काय?"

"दगड. मागा ना मला एखादा."

"अगं, आहेत की. पाय ठेवायला जागा नाही बाल्कनीत."

"तो फुटला ना. त्याच्या जागी. एकच, पण त्यात एकही खोट नको. तसा मिळेपर्यंत मी दर रविवारी बघत जाईन." मग म्हणाली, "काम असलं की मला उठता येतं, बाबा. काम नसलं की नाही उठता येत."

मी म्हणालो, "मग बघ. पण साधासुधा नको. मला पहिल्या नंबरचा पाहिजे. मी सहजासहजी पास करत नाही, माहितीय ना?"

"माहितीय," ती म्हणाली. मी वळलो तर बायको दारात उभी होती, हाताला खोबरं लागलेलं. तिने सगळं ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी व्हिडिओ लागला. दुकान तेच, म्हातारा मागे काहीतरी पुसत बसलेला. तिचा चेहरा तिने दाखवला नाही, कॅमेरा सरळ दगडावर. राखाडी दगड, मधून एक तांबूस रेघ. मी नेहमीसारखा सुरू झालो. पाणी टाक, वाळू दे, टिचकी मार. मग म्हणालो, "आता रेघेला आडवं नख फिरव."

ती हलली नाही.

"फिरव ना. नख, नख."

"नाही येत बाबा."

"न यायला काय झालं? आजवर काय करत होतीस?"

तेव्हा तिचं बोट पडद्यावर आलं. नख नव्हतंच. होतं ते कुरतडून कुरतडून मांसापर्यंत गेलेलं, कडेला सुकलेलं रक्त. मग दुसरं बोट, तिसरं. सगळी तशीच. जिच्या नखांवरून या घरात भांडणं झाली तिची ती बोटं. ज्याच्या तोंडाला कारखाना भ्यायचा त्या माणसाने हातातला चहा खाली ठेवला.

तिने तिथेच दुकानात उभ्या उभ्या सांगितलं. तिथे मराठी कुणाला कळणार? महिनोन् महिने असं चाललंय. ऑफिसला जाते, येते, पडते. रविवारी सकाळी डोळे उघडतात पण अंग उठत नाही. डॉक्टरकडे जाते, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडायचं, कुणाशी तरी चार शब्द बोलायचे. तिला त्या गावात जायला दुसरी जागाच नाही. हे एक दुकान. तो म्हातारा तिला चहा देतो आणि काही विचारत नाही. मी 'आराम कर' म्हटल्यावर तिला तिथे जायचं कारणच उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय जायचा तिला धीर होईना.

"ये निघून," मी म्हणालो. "उद्याचं तिकीट काढतो. आग लागो त्या नोकरीला."

"येईन. पण आत्ता नाही. आत्ता बॅग भरायचं म्हटलं तरी नाही जमणार बाबा."

"मग आम्ही येतो."

"नको ना. तुम्ही आलात की मला बरं असल्याचं नाटक करावं लागेल. तेवढी ताकद नाहीये माझ्यात."

यावर बापाने काय बोलावं? कुणी मला सांगा. मी ओरडलो असतो तर ती फोन ठेवून गेली असती. रडलो असतो तर तिला माझंही ओझं झालं असतं. इतक्या लांबून तिच्या डोक्यावरून हात फिरवता येत नाही, ताटात भाजी वाढता येत नाही, दार वाजवून उठवता येत नाही. फोनमध्ये एक दगड दिसत होता आणि त्याच्या कडेला ती बोटं. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. इतकं लाचार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "ती रेघ मला पसंत नाही. हा नको. पुढच्या रविवारी दुसरा दाखवायला सांग त्यांना."

"सांगते," ती म्हणाली. म्हाताऱ्याने काय पाहिलं, काय समजला, देव जाणे. त्याने बांबूची एक घासलेली काडी आणून तिच्या हातात दिली. नखाऐवजी ती फिरवायची.

त्या दिवशी बायकोने बाल्कनीतल्या कुंड्या हलवल्या. गुडघे दुखत असताना एकेक उचलून जिन्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "दगडांना जागा नको?" आणि मग तिथेच वेताचा मोडा घेऊन बसली आणि पदर तोंडाला लावला.

मग आमचे रविवार पुन्हा चालू झाले. मी खोटी काढत गेलो, आणि खोटी होत्याही. एकात टणक कण होते, बांबूची काडी त्यावर अडायची आणि मला फोनवर बारीक किर्र ऐकू यायचं. एक वाळताना कोपऱ्यात काळपट राहिला. एकाची टिचकी बद्द आली, मी बाथरूममधून ओरडलो, "रिजेक्ट!" आणि बाहेर बायको, जी पूर्वी दार वाजवायची, ती गुपचूप उभी होती. कधी मुलगी दोन वाक्यं जास्त बोलायची, म्हाताऱ्याच्या मांजरीबद्दल सांगायची. कधी सगळा वेळ तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा. एखाद्या रविवारी वाटायचं सुधारतेय. पुढच्या रविवारी वाटायचं, छे, आपली समजूत. दगडाचं बरं असतं, एकदा बघितला की कळतो.

आणि मग तो दगड आला.

म्हाताऱ्याने मागच्या खोलीतून आणला, फडक्यात गुंडाळलेला. ती म्हणाली, हा विकायला नव्हता, त्याच्या वडिलांच्या वेळचा आहे, पण इतके रविवार आपण शोधतोय हे बघून त्याने काढलाय. म्हणतोय, याच्यापुढे माझ्याकडे काही नाही, मिळणारही नाही. तिने फडकं बाजूला केलं. पिवळसर, साईच्या रंगाचा, कडेला नुसता एक धुरकट कावळा. पाणी टाकलं तर सगळीकडे सारखं पसरलं. वाळला तोही सारखा, एका दमात, कुठे डाग म्हणून राहिला नाही. काडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आवाज नाही. मी बाथरूममध्ये गेलो. टिचकी आली ती घंटेसारखी. मी तसाच उभा राहिलो. एवढ्या वर्षांत असा दगड माझ्या बघण्यात आला नव्हता. माझा जीव त्याच्यावर जडला, खोटं कशाला बोलू?

बाहेर आलो. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला दगडातलं कळत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं.

"बाबा, घेऊ ना हा?" मुलगी म्हणाली. आवाज सपाट होता. "मिळाला बघा. संपलं आता शोधायचं."

पलीकडच्या इमारतीत लादी कापायचं मशीन किंचाळत होतं. बायकोने माझा दंड धरला.

"थांब," मी म्हणालो. "डावीकडे, खाली, कोपऱ्याजवळ. रेघ आहे."

"कुठे? मला काही दिसत नाही."

"दिसायची नाही. बारीक आहे. पण आहे."

तिने काडी उचलली.

"काडीने नाही कळणार," मी म्हणालो. "नख फिरव."

त्या कोपऱ्यात काही नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तो म्हातारा जर आमचं बोलणं समजत असता तर त्यालाही ठाऊक असतं. मग तिने काडी खाली ठेवली. तिचं बोट दगडावर आलं, तसंच, नख नसलेलं, आणि त्या कोपऱ्यावरून आडवं गेलं. एकदा. परत एकदा.

तिने फोन वळवला. कित्येक महिन्यांनी मला तिचा चेहरा दिसला. वाळलेला, डोळ्यांखाली काळं. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"हो बाबा," ती म्हणाली. "लागतंय नखाला."

"मग रिजेक्ट," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी दुसरा बघ."

"बघते," ती म्हणाली.